पिकअपच्या इंजिनातली टकटक आणि हायड्रॉलिक लिफ्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना, लातूर, नांदेड, कुठल्याही मोंढ्यात सकाळी लागलेल्या पिकअपच्या रांगेतून चालत गेलं, की दोन-चार गाड्यांच्या टॅपेट कव्हरखालून टकटक ऐकू येतेच. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच निकाल लागतो: ‘लिफ्टर गेले, संच बदला.’ हा निकाल मान्य करण्याआधी काय मोजायचं, आणि बदलायची वेळ आलीच तर काम कसं करायचं, ते इथे दिलं आहे. गॅप, दाब, टॉर्क यांचे आकडे सर्वसाधारण आहेत. शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलचा.

लिफ्टर आणि टॅपेट एकच का?

गॅरेजात दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरतात, पण फरक आहे. फिरणाऱ्या कॅमशाफ्टचे उंचवटे रॉकर नावाच्या तरफेने इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात, आणि या साखळीतली ढिलाई सांभाळणं हे दोघांचंही काम. साध्या टॅपेटमध्ये रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडा गॅप ठेवावा लागतो आणि तो स्क्रूने सेट करतात. हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये गॅप ठेवायचाच नसतो. त्याच्या पोटात एक प्लंजर, त्याखाली बारीक स्प्रिंग आणि छऱ्याचा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. इंजिनचं ऑइल दाबाने आत शिरतं आणि प्लंजरला वर ढकलून सगळी ढिलाई भरून काढतं. कॅमचा उंचवटा दाबायला आला की छरा बसतो, ऑइल आत कोंडतं, आणि कोंडलेलं ऑइल दबत नाही म्हणून लिफ्टर त्या क्षणी भरीव लोखंडासारखा वागतो. ऑइल कमी मिळालं, त्यात हवा आली किंवा छऱ्याखाली कचरा बसला की प्लंजर दबतो. ढिलाई उरते आणि टकटक सुरू होते.

माझ्या गाडीत हायड्रॉलिक लिफ्टर आहेत की स्क्रूवाले टॅपेट?

टॅपेट कव्हर उघडून पाहा. रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि त्यावर लॉक नट दिसला तर ते साधे टॅपेट. तिथे लिफ्टर बदलण्याचा विषयच नाही, फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, काढा (शेवटचा प्रश्न पाहा). वर कॅमशाफ्ट, त्याखाली रोलर असलेले बोटासारखे रॉकर आणि रॉकरचं एक टोक हेडमधल्या छोट्या गोल खुंटीवर टेकलेलं असेल, तर ती खुंटी म्हणजेच हायड्रॉलिक लिफ्टर. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह असतील तर असे सोळा.

एक सावधगिरी. मोबाइलवर ‘लिफ्टर बदलणे’ शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकन व्ही-8 पेट्रोल पिकअपचे येतात. जनरल मोटर्सच्या 5.3 लिटर इंजिनात पेट्रोल वाचवायला काही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय असते, त्यासाठी काही लिफ्टरमध्ये खास कुलपाची पिन असते, लिफ्टर ब्लॉकमध्ये बसतात आणि काढायला हेडच उतरवावं लागतं. आपल्याकडच्या ओव्हरहेड कॅमच्या डिझेल पिकअपला यातलं काहीच लागू नाही. तो व्हिडिओ पाहून हेड खोलायला सांगू नका.

सकाळी चालू करताना टकटक होते आणि थांबते. बिघाड आहे का?

चार-पाच सेकंदांत थांबत असेल तर नाही. रात्रभर जे व्हॉल्व्ह उघडे राहिले त्यांच्या लिफ्टरवर स्प्रिंगचा ताण असतो, त्यामुळे ऑइल हळूहळू झिरपून जातं. पंपाने दाब दिला की ते पुन्हा भरतात. हा वेळ महिन्यागणिक वाढत चालला, अर्ध्या मिनिटावर गेला, तर मात्र लक्ष घाला. स्वस्त फिल्टरमध्ये ऑइल परत वाहू न देणारी रबरी पडदी कडक झालेली असते किंवा नसतेच, आणि बऱ्याचदा नुसता चांगला फिल्टर घातल्यावर सकाळची टकटक मिटते.

आवाज लिफ्टरचाच आहे हे कसं ठरवायचं?

खरी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश.

कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. 800 आरपीएमच्या आयडलला एक लिफ्टर मिनिटाला 400 वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा टकटक करेल. आवाज क्रँकच्या वेगाने, भरीव ‘धडधड’ असा आणि चढावर लोड आल्यावर वाढणारा असेल, तर तो बिग एंड बेरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेरिंगचा) समजा आणि गाडी तिथेच उभी करा.

पण डिझेलमध्ये एक घोळ आहे. इंजेक्टरसुद्धा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच मारतो, म्हणजे त्याची टकटकही निम्म्याच वेगाची. नुसत्या कानावर भरवसा ठेवला की इंजेक्टरच्या आजारावर लिफ्टरचा संच बदलला जातो. वेगळं काढायचं तर स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करण्याची चाचणी घ्या. इंजेक्टर बंद केल्यावर टकटक गेली तर दोष ज्वलनाच्या बाजूचा. तशीच राहिली तर यांत्रिक, म्हणजे लिफ्टर, रॉकर किंवा कॅम. जुन्या पंपाच्या गाडीत पाइपचा नट ढिला करून सिलिंडर मारायची सवय असलेल्या मिस्त्रींनी कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून डिझेल पुरवणाऱ्या गाड्यांवर) ते अजिबात करू नये. रेलमधला दाब आयडललासुद्धा शेकडो बार असतो, ती धार कातडी फोडून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर टेकवा, एकेका सिलिंडरवर सरकवत जा. बेल्ट आणि पंख्यापासून बाही-गमछा लांब. व्हॅक्युम पंप बऱ्याच इंजिनांत कॅमच्याच टोकाला असतो आणि खराब झाला की हुबेहूब लिफ्टरसारखा वाजतो, म्हणून त्याच्यावरही टोक टेकवून बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग फुटली तर थंड इंजिनला ‘टिक टिक’ येते आणि गरम होऊन लोखंड फुगलं की कमी होते. तिथे सांध्यावर काळी काजळी दिसेल.

आवाज कधी येतो यावरूनही बरंच कळतं. फक्त गरम झाल्यावर येत असेल तर ऑइल पातळ झालंय, दाब कमी आहे किंवा लिफ्टर झिजून गळतोय. फक्त जास्त आरपीएमला येत असेल तर ऑइलची पातळी बघा. कमी असली तर पंप हवा ओढतो, आणि खुणेच्या वर भरलेलं असलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो. फेसाळ ऑइल लिफ्टरमध्ये गेलं की दबतं. थंड, गरम, हळू, जोरात, सगळ्यात सारखाच आवाज म्हणजे बहुधा लिफ्टर बसलाय, रॉकरचा रोलर गेलाय किंवा कॅमचा उंचवटा घासलाय.

ऑइलचा दिवा लागत नाही. मग दाब ठीकच असणार ना?

नाही. हा दिवा साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ऑइलचा स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचा. जुना ढोबळ नियम दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे 0.7 बार. तुमच्या मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो धरा.

हा गेज लावायला अर्धा तास लागतो. तो न लावता सोळा लिफ्टर मागवणाऱ्या मिस्त्रीला आधी गेज लावायला सांगा. दाब कमी निघाला तर नवे लिफ्टरही चार दिवसांत वाजतील, कारण आजार चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीत, पंपात किंवा घासलेल्या बेरिंगमध्ये आहे.

लिफ्टर खराब होण्याची कारणं कोणती? आपल्या भागात काही वेगळं आहे का?

मुख्य कारण घाण किंवा चुकीचं ऑइल. लिफ्टरच्या आतली फट मिलिमीटरच्या हजारांशांत असते. तिथे काळा चिकटा बसला की प्लंजर अडकतो.

आपल्याकडे किलोमीटर कमी दिसतात पण इंजिनाचे तास जास्त असतात. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग, कापसाला जिनिंगच्या दारात रांग, आणि गाडी आयडलवर. मीटर हलत नाही, ऑइल मात्र म्हातारं होत राहतं. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहू नका, आधीच बदला. दुसरं, शिवारातली धूळ. एअर फिल्टरच्या डब्याचं रबर नीट बसलं नाही की बारीक माती थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. वाऱ्याच्या नळीने फिल्टर फुंकून फुंकून त्याचा कागद फाटलेला असतो, तो उन्हाकडे धरून बघा. उजेडाचा ठिपका दिसला की फेका. तिसरं, मे महिन्यात पारा 42 च्या पुढे असताना दुप्पट माल भरून कन्नडचा घाट चढणं. ऑइल इतकं तापतं की आयडलला दाब उरत नाही.

बीएस-6 गाड्यांना (म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या) आणखी एक दुखणं आहे. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर काजळी जाळून साफ होत असताना इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. ते चक्र मध्येच चावी बंद करून वारंवार तोडलं, जसं गावातल्या गावात दूध किंवा भाजी वाटणाऱ्या गाडीचं होतं, तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, वास डिझेलचा येतो, ऑइल पाण्यासारखं पातळ. ‘गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय’ असं कौतुकाने सांगणारे मालक भेटतात. ते लिफ्टर आणि बेरिंग दोन्ही गमावायच्या वाटेवर असतात.

ग्रेडबद्दल: जुन्या गाडीला 15डब्ल्यू-40 चालतं म्हणून ते बीएस-6 मध्ये ओतू नका, तिथे कमी राखेचं, मॅन्युअलने सांगितलेलं ऑइलच हवं. आणि रिकामा ऑइलचा डबा भंगारात देताना त्याला भोक पाडा. त्याच डब्यात बनावट ऑइल भरून परत दुकानात येतं.

ऑइलमध्ये औषध टाकून किंवा डिझेलने इंजिन धुऊन आवाज जाईल का?

नुसता चिकटा असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदलून, मग 1000 किलोमीटरला पुन्हा एकदा बदलून अनेकदा आवाज जातो. हाच पहिला उपाय आणि सगळ्यात स्वस्त. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालू ठेवण्याची पद्धत मात्र सोडा. बेरिंगवरचा ऑइलचा थर जातो, आणि वर्षांचा चिकटा एकदम सुटून चेंबरच्या जाळीत अडकतो. टकटक घालवायला गेलेली गाडी बेरिंग धरून परत येते.

टकटक असताना गाडी चालवत राहिलो तर?

गेजवर दाब ठीक असेल आणि आवाज हलका असेल तर हातातला फेरा पूर्ण करता येतो. दिवा लागला, इंजिन मिसिंग करू लागलं किंवा आवाज एकदम वाढला तर चावी बंद करा आणि गाडी ओढून न्या. घरी आणल्यावर जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद पसरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा, म्हणजे कॅम किंवा रोलरचा. तांबूस चमक बेरिंगची. केसाएवढ्या बारीक सुया दिसल्या तर रोलरचं बेरिंग फुटलंय, आता एक किलोमीटरही नको.

एकच लिफ्टर बदलू की पूर्ण संच?

एकच वाजत असला तरी सगळे बदला. मजुरी कव्हर आणि कॅम खोलण्याची असते, ती एकासाठीही तेवढीच. बाकीचे पंधरा त्याच ऑइलमध्ये तेवढेच चाललेले असतात. एखादा नुकत्याच बांधलेल्या इंजिनातला असेल तरच अपवाद.

रॉकरचे रोलर हाताने फिरवून बघा. खरखर किंवा बाजूला खेळ असेल तर तेही बदला. कॅमचा उंचवटा मायक्रोमीटरने मोजून शेजारच्या उंचवट्याशी ताडून पाहा. घासलेल्या कॅमवर नवा लिफ्टर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कामाला काय काय लागेल?

लिफ्टरचा संच, टॅपेट कव्हरची पॅकिंग, कॅमचं ऑइल सील, प्रत्येक इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर, परतीच्या नळीचे ओ-रिंग, ऑइल आणि फिल्टर. हाय प्रेशर पाइप एकदा सोडल्यावर नवीनच लावा असं बऱ्याच कंपन्या सांगतात.

हत्यारांत दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, त्या इंजिनाची टायमिंग (क्रँक आणि कॅमची जुळणी) लॉक करायची किट. दुसरी, छोटा टॉर्क पाना, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा. कॅमच्या कॅपचे (कॅमला हेडवर धरून ठेवणाऱ्या तुकड्यांचे) बोल्ट बहुतेक 6 मिमीचे, त्यांचा टॉर्क 10 च्या आसपास. चाकाच्या नटांचा मोठा पाना इतकं बारीक मोजत नाही, आणि अल्युमिनियमची चुडी एका झटक्यात निघून येते. जमल्यास अंड्यांचा एक रिकामा ट्रेही आणा. तीस खड्डे असतात, प्रत्येकावर मार्करने नंबर टाकला की लिफ्टर आणि रॉकरची अदलाबदल होत नाही.

काम कसं करायचं?

गाडी सपाटीवर, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बंद केल्यानंतर रेलचा दाब उतरायला किमान दहा मिनिटं जाऊ द्या. काही खोलण्याआधी इंजिनाचा वरचा भाग ब्रशने आणि हवेने साफ करा, कारण तिथली काळी माती आत पडली तर तुम्ही ज्यासाठी खोलताय तेच पुन्हा ओढवून घ्याल.

इंजेक्टर काढताना कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लिहा आणि त्याच्यावरच्या कोडचा फोटो घ्या. जागा बदलली तर स्कॅनरने कोडिंग करावं लागतं. वर आलेल्या इंजेक्टरबरोबर जुना वॉशर आला का ते बघा. तो खाली राहिला आणि त्यावर नवा पडला तर कॉम्प्रेशन गळतं. भोकांवर स्वच्छ कापड घाला.

क्रँक पुलीच्या बोल्टने, चालायच्याच दिशेने फिरवून पहिलं सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणा, पिना लावून क्रँक आणि कॅम लॉक करा, टायमिंगच्या खुणांचे फोटो काढा. मग चेन किंवा बेल्टचा ताण सोडा. कॅपचे बोल्ट एकदम सोडू नका. मॅन्युअलच्या क्रमाने प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिला करत या, नाहीतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या ताणाने कॅम वाकतो किंवा कॅप तडकते. कॅपवरचे नंबर आणि बाण पाहून ठेवा, त्या आपापल्या जागीच यंत्रावर कापलेल्या असतात.

आता कॅम बाजूला काढून रॉकरसकट लिफ्टर उचला. बहुतेक ठिकाणी ते बारीक क्लिपने जोडलेले असतात. अडकला तर चुंबकाने किंवा हाताने फिरवत काढा, पक्कडीने अंग धरू नका. काढलेला लिफ्टर उभा धरून अंगठ्याने जोरात दाबा. चांगला दगडासारखा लागतो, गेलेला स्पंजासारखा खाली जातो. एखादा वरच अडकलेला असेल तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसणार, आणि त्या सिलिंडरचं मिसिंग तिथूनच आलेलं असतं.

हेडमधल्या खोबणी न तंतू सोडणाऱ्या कापडाने पुसा, ऑइलची बारीक भोकं हवेने मोकळी करा, ऑइल लावून नवा लिफ्टर बसवा. तो बोटाच्या दाबाने गेला पाहिजे. रॉकर एका टोकाला लिफ्टरच्या गोळीवर आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हच्या डोक्यावर नीट बसलाय का, हे सोळाच्या सोळा ठिकाणी बॅटरी मारून बघा. एक घसरलेला असताना कॅम आवळला तर तो तुटतोच. कॅप मधून बाहेरच्या बाजूला, थोड्या-थोड्या आवळत, शेवटी टॉर्क. सिलिकॉन जिथे सांगितलंय तिथेच, गव्हाच्या दाण्याएवढं. बाहेर ओघळलेलं जेवढं दिसतं, तेवढंच आतही ओघळतं आणि जाळीत जाऊन बसतं.

नवे लिफ्टर आधी ऑइलमध्ये बुडवायचे का?

खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, तेच करा. काही भरलेले येतात, काही भरावे लागतात. पंप करून ठासून भरणं धोक्याचं आहे, कारण भरगच्च लिफ्टर व्हॉल्व्ह उघडाच धरतो आणि पिस्टन त्याला धडकू शकतो. म्हणूनच कॅम आवळल्यानंतर किमान 30 मिनिटं इंजिन फिरवू नका, जादा ऑइल झिरपून लिफ्टर आपल्या उंचीवर येऊ द्या. नंतर पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, टायमिंग पुन्हा तपासा.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी?

इंधन बंद ठेवून 10-10 सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थांबा, दिवा विझेपर्यंत. मग चालू करा. सुरुवातीला टकटक होईलच, घाबरून लगेच कव्हर उघडू नका. 2000 आरपीएमवर स्थिर धरून चार-पाच मिनिटं, मग अर्धा मिनिट आयडल, असं काही वेळा करा म्हणजे आतली हवा निघते. उगाच रेस देऊ नका. अर्ध्या तासाने आवाज थांबायला हवा. हे ऑइल 500 ते 1000 किलोमीटरला काढून टाका.

सगळं बदललं तरी आवाज आहे. आता?

पुन्हा गेज लावा. दाब चांगला असेल तर आवाजाच्या सिलिंडरचा कॅम पाठीवर आणून, म्हणजे उंचवटा वर करून, रॉकरवर लाकडी काठीने दाबा. 0.20 मिमीची पट्टी सहज शिरत असेल तर तो लिफ्टर भरत नाहीये: त्याचं ऑइलचं भोक बंद आहे किंवा माल बनावट आहे. पट्टी शिरत नसेल तर लिफ्टर निर्दोष, रॉकरचा रोलर, कॅम, चेनचा टेन्शनर आणि इंजेक्टर यांच्याकडे वळा.

माझ्या जुन्या गाडीत स्क्रूवाले टॅपेट आहेत. सेटिंग कशी करू?

थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या गॅपने. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात. 1-3-4-2 फायरिंगच्या चार सिलिंडरला सोपी युक्ती: 4 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र डुलताना (एक बसतोय, एक उघडतोय) 1 नंबर सेट करा. 2 डुलताना 3, 1 डुलताना 4, आणि 3 डुलताना 2. फिलरची पट्टी किंचित घासत निघाली पाहिजे. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना स्क्रू हमखास फिरतो. आवाज घालवायच्या नादात गॅप कमी ठेवू नका. सैल टॅपेट नुसता वाजतो, तंग टॅपेटमध्ये व्हॉल्व्ह बसत नाही आणि जळतो.